दुसरं एमबीए करताय? मग निबंधापासून सुरुवात करा

पुण्यात एमबीए करून नोकरीत मुरलेल्या एका मैत्रिणीचा इन्सियाड या बिझनेस स्कूलच्या प्रवेशासाठीचा निबंध परवा वाचला. पहिल्या एमबीएचा त्यात उल्लेखच नव्हता!

असा उल्लेख टाळू नका. गुणपत्रिका द्यावीच लागते, आणि निवड समितीला पहिला प्रश्न तोच पडतो: पुन्हा का?

‘जागतिक अनुभव हवा’ असं सगळेच लिहितात. त्या मैत्रिणीने नंतर लिहिलं, ‘पहिलं एमबीए पदवीनंतर लगेच केलं, तेव्हा टीम सांभाळलीच नव्हती. आता केनियातली विक्री उभी करायची आहे.’ हे लगेच पटतं.

शिफारसपत्र जुन्या प्राध्यापकांपेक्षा सध्याच्या वरिष्ठांचं घ्या. जीमॅटचा जुना स्कोअर वापरणार असाल तर तारीख बघा; तो 5 वर्षंच चालतो.

अनुभव 8 वर्षांहून जास्त असेल, तर स्टॅनफर्डचा एक वर्षाचा एमएसएक्स हा अभ्यासक्रमही बघा. तिथे पदवी एमबीएची नसते, त्यामुळे ‘पुन्हा का?’ची धार कमी होते.