नरक्याचे विष आणि पेशीचा कारभार

सह्याद्रीच्या सदाहरित रानांत, फुलांच्या उग्र दुर्गंधीने ओळखू येणारा नरक्या नावाचा एक लहानसा वृक्ष आढळतो. त्याच्या काष्ठात कॅम्प्टोथेसिन नावाचे जे विषारी द्रव्य साठते, ते कर्करोगावरील काही प्रभावी औषधांचे मूळ द्रव्य होय, आणि त्याच्या मागणीपायीच या वृक्षाची बेसुमार तोड झाली. हे द्रव्य प्रथम हाती लागले ते मात्र एका चिनी वृक्षातून. त्याची रचना १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी यांनी आपल्या सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केली.

या विषाचे वैशिष्ट्य असे की, ते पेशीच्या नित्याच्या कामालाच घातक वळण लावते. विभाजनापूर्वी डीएनएची प्रत निघत असताना त्याचे दोन धागे विलग होतात आणि, सुंभाचे पदर मधूनच उकलू लागले म्हणजे पुढचा पीळ जसा आवळतो, तसा ताण पुढे साठत जातो. तो उतरविण्यासाठी टोपोआयसोमरेज-१ हे विकर एक धागा कापते, पीळ सैल होऊ देते व धागा पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन नेमके त्या छेदात शिरून सांधणी अडवून धरते; प्रत काढणारी यंत्रणा तेथे येऊन आदळली की डीएनए पुरता तुटतो. या इजेची वर्दी एटीएम व एटीआर या प्रथिनांकडे पोहोचते, ती इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडून विभाजन तहकूब करवितात, दुरुस्तीची तजवीज होते आणि इजा असाध्य ठरल्यास पेशी आत्मनाश पत्करते.

या विषाची ही रीत उमगण्यापूर्वी, १९७०च्या सुमारास, हे द्रव्य पाण्यात विरघळेना म्हणून त्याचा क्षार रुग्णांना देण्यात आला. त्यात रेणूचे एक वलय उघडून गुण उणावला, मूत्राशयाला गंभीर इजा झाल्या आणि चाचण्या थांबल्या. १९८५ साली विकराचा हा उलगडा झाल्यावर संशोधकांचे लक्ष पुन्हा तिकडे वळले, आणि रेणूत फेरफार करून सिद्ध केलेल्या टोपोटेकन व इरिनोटेकन या औषधांना १९९६ साली अमेरिकेत अनुक्रमे अंडाशयाच्या व मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मंजुरी मिळाली.

परंतु कर्करोगाच्या पेशींप्रमाणे अस्थिमज्जेतील रक्तपेशी घडविणाऱ्या निरोगी पेशीही झपाट्याने विभागत असल्याने त्याही या तडाख्यातून सुटत नाहीत. म्हणूनच रक्तातील पांढऱ्या पेशी मोजल्याखेरीज वैद्य पुढील मात्रेचा हुकूम देत नाहीत.