लिलावातला ‘हेरांचा रेडिओ’ घेण्याआधी

ऑनलाइन लिलावाच्या साइटवर ‘स्पाय रेडिओ’ असं टाकून पाहा. उघडी सुटकेस, आत काळं पॅनल, दोनचार बटणं, बाजूला मोर्सची की. किंमत पाहून डोळे पांढरे होतात. यातला सगळ्यात नावाजलेला म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश ‘टाइप ३ मार्क २’, संग्राहकांच्या भाषेत बी-टू.

पण फोटोत एक गोष्ट बहुतेक वेळा नसते, ती म्हणजे अँटेना. आणि खरी अडचण तिथेच असायची. हे समजायला परदेशात जायची गरज नाही, आपल्या मुंबईचंच उदाहरण घ्या.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये, ‘चले जाव’ची घोषणा झाल्यावर, २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत ‘काँग्रेस रेडिओ’ नावाचं छुपं केंद्र सुरू केलं. पत्ता सांगायचा नाही, पण तरंगलांबी मात्र सांगायची: ४२.३४ मीटर. ती नाही सांगितली तर ऐकणाऱ्यानं काटा लावायचा कुठे? ३०० ला या आकड्यानं भागा, साधारण ७.१ मेगाहर्ट्झ येतात. आजही हॅम रेडिओवाले याच पट्ट्यात बोलतात. या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परत खाली वळतात, म्हणून कमी ताकदीतही शेकडो किलोमीटर जातात. मुंबई ते यवतमाळ हवाई अंतर ५७० किलोमीटरच्या आसपास आहे. परिस्थिती अनुकूल असली तर तेवढं या पट्ट्याला जड नाही.

आता अँटेना. ती नीट चालायची तर तार तरंगलांबीच्या निम्मी हवी, म्हणजे २१ मीटर. यंत्र सुटकेसमध्ये लपेल हो, पण २१ मीटरची तार गिरगावच्या वस्तीत कुठे लपवणार?

शिवाय लहर बाहेर पडली की ती पोलिसांनाही ऐकू येते. दिशा शोधायला वळशाची, म्हणजे लूप अँटेना वापरतात. ती फिरवत गेलं की एका स्थितीत, वळशाचं तोंड नेमकं केंद्राकडे झालं की, आवाज जवळजवळ बुडतो. आवाज सर्वांत मोठा कुठे हे कानाला पटकन कळत नाही, पण तो बुडाला हे लगेच कळतं, म्हणून बुडण्याचीच जागा धरतात. नकाशावर रेघ मारायची, गाडी दुसरीकडे न्यायची, पुन्हा रेघ. रेघा जिथे छेदतात तिथे केंद्र. एकाच जागेवरून रोज बोलणं म्हणजे आपणहून पत्ता देणं, म्हणून ही मंडळी जागा बदलत राहिली. तरी १२ नोव्हेंबर १९४२ ला छापा पडलाच. नुसत्या यंत्रांनी नाही, आतल्या माणसाची फितुरीही होती. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

तेव्हा लिलावातला सेट पाहताना सुटकेसच्या जुनाटपणावर जाऊ नका. जुनी सुटकेस कुठेही मिळते. आतला क्रिस्टल पाहा. क्वार्ट्झची ही चकती वारंवारता ठरवते आणि तिच्यावर आकडा लिहिलेला असतो. तो आकडा त्या सेटच्या पट्ट्यात बसतो का? रिसीव्हर, ट्रान्समीटर आणि पॉवर सप्लाय एकाच घराण्यातले दिसतात, की तीन ठिकाणांहून जमवलेत? विक्रेत्याकडे आधीच्या मालकाचे कागद आहेत का? ‘हेरानं वापरलेला’ हे शब्द कागदाविना फुकटचे, माझ्या मते त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

आणखी एक. भारतात ट्रान्समीटर वापरायलाच नाही, नुसता जवळ ठेवायलाही परवाना लागतो. हॅमची परीक्षा देऊन लायसन्स काढणं हा त्यातला सरळ रस्ता. मागवण्याआधी कस्टम्सचे नियमही विचारून घ्या.

आणि सेट हाती आला तरी लगेच प्लग लावू नका बरं. व्हॉल्व्हच्या यंत्रात शेकडो व्होल्ट खेळतात, आणि ऐंशी वर्षांचे कागदी कपॅसिटर गळके झालेले असतात. आधी जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एखाद्या जाणत्या माणसाला ते उघडून दाखवा.