बाळाच्या मालिशीचं तेल

डिसेंबरात बंगळूरच्या राजाजीनगरात पहाटे खोबरेलाची बाटली उलटी केली, तरी थेंब पडत नाही. साधारण २४ अंशांखाली हे तेल थिजतं. ते गॅसवर तापवू नये. बाटली कोमट पाण्यात ठेवली की थोड्या वेळात विरघळतं.

मराठी घरात आजीचा भर खोबरेलावर, तर शेजारची कन्नड आजी हरळेण्णे, म्हणजे एरंडेल, सुचवते. मग तेलाची निवड कशी करावी?

नवजात बाळाची त्वचा पातळ असते. तिच्यातला स्निग्ध थर ओलावा धरून ठेवतो आणि जंतूंना अडवतो. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल फार असतं, ते हा थर सैल करतं. मोहरीचं तेल झोंबू शकतं. खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं. मुंबईतल्या नवजात बाळांवरचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात खोबरेलाच्या मालिशीने अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वजन खनिज तेलापेक्षा अधिक वेगाने वाढलं.

विकत घेताना बाटलीवर ‘खाद्य’ शब्द आणि तारीख पाहावी. घाण्याचं असेल तर ताजं घ्यावं. सुगंधी तेल नकोच.

आधी बाळाच्या हातावर एक थेंब लावून दिवसभर थांबावं. लाली, पुरळ दिसलं तर ते तेल बंद. कानानाकात तेल मुळीच घालू नये. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा त्वचा चिरलेली असेल, तर मालिशीआधी बालरोगतज्ज्ञांना विचारावं.