एका चमच्याची परीक्षा : टेक्सासमधील ‘चिली’च्या स्पर्धा आणि मिरचीची प्रत

मिरची हे मूळचे अमेरिका खंडातील पीक असून सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत ते आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आले, हे बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. आपल्याकडे मिरची मसाल्याचा एक घटक म्हणून रुळली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी टेक्सास या संस्थानात मात्र मिरचीलाच मुख्य स्थान असलेला एक पदार्थ रूढ झाला आणि मिरचीचेच नाव त्याला पडले. ‘चिली’ म्हणजे मांसाचे बारीक तुकडे आणि वाळलेल्या तांबड्या मिरचीची पूड यांचा दाट रस्सा. तो पशुपालनाचा मुलूख असल्याने तेथे यासाठी गोमांस वापरतात. सॅन अँटोनियो शहराच्या चौकांतून मेक्सिकन वंशाच्या स्त्रिया एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सायंकाळी चिली विकीत असत. १९७७ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने तिला आपल्या संस्थानाचा अधिकृत पदार्थ ठरविले. या पदार्थाच्या स्पर्धा तेथे वर्षभर ठिकठिकाणी भरतात. त्या जिंकू पाहणारे लोक मिरचीची पारख कशी करतात, हे मिरची पिकविणाऱ्यानेही जाणून घेण्याजोगे आहे.

या स्पर्धांची प्रसिद्ध सुरुवात ऑक्टोबर १९६७ मध्ये टर्लिंग्वा येथे झाली. मेक्सिकोच्या सरहद्दीजवळचे हे गाव पाऱ्याच्या खाणी बंद पडल्यावर ओस पडले होते. एच. अ‍ॅलन स्मिथ या विनोदी लेखकाने चिलीविषयी आपल्याहून अधिक कोणी जाणत नाही, अशा आविर्भावाचा लेख एका मासिकात लिहिला. त्यामुळे टेक्सासचे लोक चिडले, आणि विक फाउलर हा त्यांच्यातील पत्रकार स्मिथसमोर चूल मांडून उभा राहिला. तीन परीक्षकांपैकी एकाने एकाला व दुसऱ्याने दुसऱ्याला मत दिले. तिसऱ्याने आपली जीभच निकामी झाल्याचे जाहीर केले, आणि सामना बरोबरीत सुटला! गंमत म्हणून मांडलेल्या या डावातून पुढे रीतसर संस्था निघाल्या, त्यांच्यात मतभेद होऊन फाटाफूटही झाली. आज टर्लिंग्वा येथे नोव्हेंबरच्या आरंभी दोन निरनिराळ्या संघटनांच्या अंतिम स्पर्धा भरतात. तेथे पोहोचण्यासाठी कित्येक स्पर्धक वर्षभर गावोगावच्या स्पर्धांतून गुण जमवीत हिंडतात.

परीक्षेची रीत

टेक्सासमधील प्रमुख संघटनेचे नियम कडक आहेत. चिली स्पर्धेच्या जागीच, त्याच दिवशी, सर्वांच्या देखत शिजवावी लागते. मांस आधी मुरवून किंवा शिजवून आणता येत नाही. मसाले मात्र दळून व मिसळून आणण्यास मुभा आहे. घेवडा, भात, शेवया असले भर घालणारे पदार्थ वर्ज्य होत. प्रत्येक स्पर्धकास सारख्या आकाराचे भांडे मिळते. त्यावरील गुप्त क्रमांकामुळे चिली कोणाची हे परीक्षकांस कळत नाही. (तालुक्याच्या प्रदर्शनांत मसाल्यांची पारख करतानाही ही पद्धत अवश्य उचलावी, निम्मे वाद तेथेच मिटतील.) वास, रंग, दाटपणा, चव आणि घास गिळल्यावर मागे राहणारी चव या पाच गोष्टी पाहिल्या जातात.

परीक्षकापुढे एकापाठोपाठ अनेक भांडी येतात व प्रत्येकातील जेमतेम एकच चमचा तो चाखतो. त्या एका चमच्यात मिरची, जिरे, मीठ व मांस यांचा मेळ पटला तर पटला; दुसरी संधी नाही. म्हणूनच केवळ जाळ करणारी चिली सहसा जिंकत नाही. तिखटाने जीभ बधिर झाली की परीक्षकास चव कळेनाशी होते. याउलट फिकी चिलीही लक्षात राहत नाही. तिखटपणा हळूहळू जाणवावा आणि गोडसर, किंचित मातकट असा मिरचीचा स्वाद त्याच्या आधी यावा, हे खरे कौशल्य होय.

रंग निराळा, तिखटपणा निराळा

आपल्याकडे ‘लाल म्हणजे तिखट’ असा समज अजूनही आढळतो. तो चुकीचा आहे. मिरचीचा तांबडा रंग फळाच्या सालीतील कॅप्सँथिन आदी रंगद्रव्यांमुळे येतो. तिखटपणा देणारे कॅप्सेसिन हे मुख्यतः बिया ज्यास चिकटलेल्या असतात त्या आतील पांढरट गराच्या शिरांत तयार होते. दोन्हींचा उगम वेगळा असल्याने गडद तांबडी पण सौम्य मिरची निपजू शकते. टेक्सासचे स्पर्धक नेमके हेच हेरून दोन-तीन जातींच्या पुडी एकत्र करतात. रंग व स्वादासाठी अँचो, ग्वाहियो किंवा न्यू मेक्सिकोकडील लांब मिरची, आणि झणझणीतपणापुरती थोडी कायेन. न्यू मेक्सिकोच्या कृषी महाविद्यालयातील फॅबियन गार्सिया यांनी ‘न्यू मेक्सिको नंबर ९’ हा एकसारख्या फळांचा, बेताच्या तिखटाचा वाण प्रसारित केला. त्या भागातील पुढील लांब वाणांचा पाया त्यानेच घातला.

आपल्याकडे याच जोडीचे काम ब्याडगी व संकेश्वरी यांकडून उत्तम होते. कर्नाटकातील ब्याडगी रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य. संकेश्वरीने तिखटपणाची उणीव भरून निघते. लवंगीसारखी जहाल मिरची या कामी घ्यावयाची तर चिमटीनेच घ्यावी.

शिजविण्याची पद्धत

आपल्याकडे शेळी-मेंढीच्या मांसाचीही चिली करता येईल. एक किलो बिनहाडाचे मांस घेऊन त्याचे सुमारे एक सेंटिमीटरचे सारखे तुकडे करावेत. थोड्या तेलात ते रंग पालटेपर्यंत परतावेत व सुटलेली जादा चरबी काढून टाकावी. नंतर मांसाचे पाणी व सुमारे पाव किलो टोमॅटोचा गाळलेला रस घालून मंद आचेवर ठेवावे. कांदा व लसूण स्पर्धक बहुधा पुडीच्या रूपानेच घालतात, कारण रश्श्यात त्यांचे तुकडे दिसू नयेत असा त्यांचा कटाक्ष असतो.

मिरचीपूड एकूण ५० ते ६० ग्रॅम व ताजी जिरेपूड सुमारे १० ग्रॅम पुरते. ही सर्व एकदम घालू नये. सारी मेख येथेच आहे. फार वेळ उकळल्याने मिरचीचा रंग काळवंडतो आणि जिऱ्याचा सुवास वाफेबरोबर निघून जातो. यास्तव पाव भाग मिरची आरंभी मांसात मुरण्यासाठी, निम्मी जिऱ्यासह तासाभराने, आणि उरलेली पाव चिमूटभर जिऱ्यासह उतरविण्यापूर्वी २० मिनिटे घालावी. पहिल्या खेपेने चव खोलवर जाते, शेवटच्या खेपेने रंग व वास जागा होतो. काही स्पर्धक एक अखंड हिरवी मिरची रश्श्यावर तरंगत ठेवतात आणि शेवटी चव पाहून ती हवी तेवढी पिळतात. मीठ अखेरीस, बेताने घालावे. रस्सा आटताना खारटपणा वाढतो आणि त्यावर उपाय नाही. दीड-दोन तासांत मांस मऊ व्हावे, पण त्याचे तंतू सुटू नयेत. आपल्याला प्रिय असलेली तर्री तेथे दोष ठरते, म्हणून वरचा तवंग काढून टाकतात.

शेतावरील काम

एवढी दक्षता घेऊनही पूड निकस असेल तर चुलीपाशी काहीच सुधारता येत नाही. फळे झाडावरच पूर्ण तांबडी होऊन किंचित सुरकुतू लागल्यावर तोडावीत. अर्धवट पिकलेल्या फळांत रंग पुरता भरलेला नसतो व वाळल्यावर ती पांढरी पडतात. तोडलेली मिरची एक रात्र सावलीत ढिगाने ठेवल्यास राहिलेली फळे एकसारखी रंगतात. नंतर ती उघड्या जमिनीवर न पसरता स्वच्छ ताडपत्रीवर किंवा उंच मांडवावर पातळ थरात वाळवावी, रोज हलवावी आणि रात्री दव पडण्यापूर्वी झाकावी. ओलावा सुमारे १० टक्क्यांवर येईपर्यंत वाळवण पुरे झाले असे समजू नये. मिरची हलविली असता बिया खुळखुळल्या पाहिजेत.

वजनासाठी वाळलेल्या मिरचीवर पाणी मारण्याची चाल काही ठिकाणी आहे. अशा मालात बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण होण्याचा धोका असतो. तो माल नाकारला जातो व गावाचे नावही खराब होते. देठ काढून, डागी फळे निवडून, मालाची प्रतवारी करावी. पुडीत बियांचे प्रमाण वाढले की रंग उतरतो, हेही दळताना ध्यानात ठेवावे. उजेड, उष्णता व हवा यांनी रंगद्रव्ये नाश पावतात आणि अखंड मिरचीपेक्षा पुडीत हा ऱ्हास अधिक वेगाने होतो. म्हणून साठा अखंड मिरचीचाच कोरड्या, थंड व अंधाऱ्या जागी करावा आणि गिरणीत लागेल तेवढीच मिरची न्यावी.