दुसरी बंदूक कशासाठी?

पेपरला जाताना तुम्ही किती पेनं नेता? दोन तरी नेताच. एक बंद पडलं तर? प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर असतो, तोच स्वतःला मेलही केलेला असतो. ट्रेकला निघालो की पॉवर बँक सगळ्यात आधी बॅगेत जाते. 'असू दे, लागलं तर' हे आयांचं वाक्य आपल्या अंगात इतकं मुरलंय की बॅकअप ठेवणारा माणूस आपल्याला शहाणाच वाटतो.

आता हाच शहाणपणा बंदुकीला लावून बघा.

माझी मावसबहीण टेक्सासमधल्या एका सरकारी विद्यापीठात एमएस करते. मूळची नाशिकची. मार्चमध्ये एका रात्री लॅबमधून निघायला तिला अकरा वाजले. पार्किंगमधून जाताना एक माणूस तिच्या मागे चालायला लागला. ती थांबली की तो थांबायचा, ती चालली की तो चालायचा. शेवटी समोरून दोन मुलं आली आणि तो निघून गेला. झालं काहीच नाही. पण त्यानंतर ताई रोज संध्याकाळी सातलाच घरी यायला लागली आणि लॅबमधलं काम पडून राहिलं.

लॅबमधल्या एका अमेरिकन सहकाऱ्याच्या घरी जेवायला गेली असताना तिने हे सांगितलं. मुलगा सज्जन, मदतीला धावणारा. त्याने शर्ट जरा वर करून दाखवला. कमरेला पिस्तूल. मग पँटचा पाय वर केला. घोट्याला बांधलेलं छोटं रिव्हॉल्व्हर.

"दुसरं कशाला?" ताईने विचारलं.

"टू इज वन, वन इज नन," तो म्हणाला. म्हणजे दोन असतील तर एक आहे असं धरायचं आणि एकच असेल तर एकही नाही असं धरायचं. पुढे म्हणाला, "तूही घे. मी शिकवतो."

दुसऱ्या दिवशी मला व्हिडिओ कॉल. "मावशीला, म्हणजे तुझ्या आईला, यातलं काही सांगू नकोस. पण मी काय करू ते सांग."

'वेडी आहेस का,' असं म्हणणार होते. पण रात्री नऊनंतर स्टेशनवरून घरी येताना मी स्वतः बोटांच्या बेचक्यांत किल्ल्या धरून चालते. त्यामुळे तिला हसणं जमलं नाही. मग वाचायला बसले. जे कळलं ते तुमच्यासमोर ठेवते, कारण यंदाही तुमच्या वर्गातलं कुणीतरी तिकडे जाणार आहे.

कल्पना पोलिसांची

दुसरं शस्त्र ही मुळात पोलिसांची सवय. १९६८मध्ये न्यूयॉर्क पोलिसांनी एक खास पथक तयार केलं. ज्या दुकानांवर वारंवार सशस्त्र दरोडे पडायचे, तिथे हे लोक मागच्या बाजूला दबा धरून बसायचे. तेव्हा हातात असायची सहा गोळ्यांची रिव्हॉल्व्हर. सहा संपल्या की पुन्हा भरायला वेळ जायचा, आणि समोरचा तेवढा वेळ थांबणार नव्हता. त्यापेक्षा दुसरं भरलेलं रिव्हॉल्व्हर काढणं सोपं. या पथकातले जिम सिरिलो एकापेक्षा जास्त शस्त्रं बाळगायचे. या पद्धतीला तिकडे आजही 'न्यूयॉर्क रीलोड' म्हणतात.

बॅकअपच्या बाजूने दिली जाणारी कारणंही साधी आहेत. पहिलं पिस्तूल अडकू शकतं. ते झटापटीत हिसकावलं जाऊ शकतं. उजव्या हाताला मार लागला तर डाव्या हाताला पोचेल असं काहीतरी हवं. गाडीत पट्टा लावून बसलं की कमरेपेक्षा घोट्यापर्यंत हात लवकर जातो. यातलं एकही कारण खोटं नाही.

पण ते पथक कुणासाठी होतं ते बघा. दरोडा पडणार हे त्यांना ठाऊक होतं, ते त्याचीच वाट बघत बसलेले असायचे, सोबतीला दुसरा पोलीस असायचा. लॅबमधून थकून निघालेली, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात फोन असलेली मुलगी कुणाची वाट बघत नसते. सवय पोलिसांकडून आली, पण त्यांची परिस्थिती काही सोबत आली नाही.

दीड सेकंदाचं गणित

१९८३मध्ये सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी एक साधा हिशोब मांडला. चाकू घेतलेला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात पार करतो, आणि सरावलेल्या पोलिसाला होल्स्टरमधून पिस्तूल काढून गोळी झाडायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. २१ फूट म्हणजे वर्गातल्या फळ्यापासून मागच्या बाकापर्यंत.

म्हणजे पहिली बंदूक निघेपर्यंतच सगळं होऊन गेलेलं असतं. दुसरी निघणार ती पहिली चालली नाही हे कळल्यावर, खाली वाकून, पँटचा पाय वर करून. हे सगळं कधी?

नेमाचं काय, तेही बघू. रँड या संस्थेने न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ या काळातल्या चकमकी तपासल्या. दोन्हीकडून गोळीबार होत असताना पोलिसांच्या १०० पैकी १८ गोळ्या लागल्या. हे पगारी, प्रशिक्षित लोक. उरलेल्या ८२ कुठेतरी गेल्याच ना? ऑगस्ट २०१२मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर पोलिसांनी एका खुन्यावर गोळ्या झाडल्या. रस्त्यावरचे नऊ जण जखमी झाले, सगळे पोलिसांच्याच गोळ्यांनी आणि त्यांच्या तुकड्यांनी.

बॅकअप यंत्र बिघडण्याची सोय करतो. पण अशा वेळी बहुतेकदा आधी बिघडतो तो माणूस: त्याचा हात थरथरतो, नजर एकाच गोष्टीवर खिळते, डोकं चुकीचं ठरवतं. घोट्याला बांधायला दुसरं डोकं मिळत नाही.

दुसरी बाजूही ऐका

हे सगळं ताईला सांगितल्यावर ती म्हणाली, "पण बंदुकीने वाचलेलेही असतीलच ना?"

आहेत. १७ जुलै २०२२ला इंडियाना राज्यातल्या ग्रीनवुड पार्क मॉलच्या फूड कोर्टमध्ये एकाने रायफलने गोळीबार सुरू केला. तिघांचा जीव घेतला. तिथे मैत्रिणीबरोबर आलेल्या एका तरुणाकडे पिस्तूल होतं. त्याने शंभर फुटांहून जास्त अंतरावरून दहा गोळ्या झाडून पंधरा सेकंदांच्या आत हल्लेखोराला थांबवलं. वय २२. माझ्याएवढाच. तो नसता तर किती गेले असते, हे बोलायलाही नको.

त्याच्या वर्षभर आधी, २१ जून २०२१ला, कोलोरॅडोमधल्या अर्वाडात एका हल्लेखोराने पोलीस अधिकाऱ्याला ठार केलं. जवळच्या एका नागरिकाने आपल्या पिस्तुलाने त्या हल्लेखोराला मारलं. मग त्याची रायफल बाजूला करायला म्हणून हातात घेतली. तेवढ्यात आलेल्या पोलिसाला दिसला फक्त रायफल घेतलेला माणूस. त्याने गोळी झाडली आणि वाचवणाराच गेला.

दोघंही धाडसीच. एक जण जगला, दुसरा गेला. आणि दोघांनाही दुसरी बंदूक लागली नाही.

बंदूक घरीही येते

पार्किंगमधली ती पाच मिनिटं सोडली तर बंदूक उरलेले तेवीस तास पंचावन्न मिनिटं कुठे असते? तुमच्याबरोबर. घरात, उशाशी, सबमिशनच्या आदल्या रात्री, ब्रेकअपच्या दिवशी.

अमेरिकेत १०० माणसांमागे १२० बंदुका आहेत असा 'स्मॉल आर्म्स सर्व्हे'चा २०१८चा अंदाज. प्यू रिसर्चच्या २०२३च्या पाहणीत ७२ टक्के बंदूकमालकांनी स्वसंरक्षण हे मुख्य कारणांपैकी एक सांगितलं. त्याच देशात २०२१मध्ये बंदुकीने सुमारे ४८,८०० माणसं गेली, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. कॅलिफोर्नियातल्या २ कोटी ६० लाख लोकांच्या नोंदी बारा वर्षं तपासून स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२०मध्ये निष्कर्ष मांडला: पिस्तूल असलेल्या पुरुषांमध्ये बंदुकीने आत्महत्या करण्याचं प्रमाण पिस्तूल नसलेल्यांच्या जवळपास आठपट, स्त्रियांमध्ये पस्तीसपटीहून जास्त.

अनोळखी माणसापासून वाचायला घेतलेली वस्तू सगळ्यात जास्त वेळ तुमच्याजवळ असते, आणि तुमचे वाईट दिवसही तिच्या समोरच जातात. ती दोन झाली तर कुलूपबंद ठेवायच्या, मोजायच्या, रूममेटपासून जपायच्या गोष्टीही दोन.

आणि घाबरलेल्या माणसाच्या हातात बंदूक असली की दारात उभा असलेला कोण, हे तो विचारतोच असं नाही. ऑक्टोबर १९९२मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये १६ वर्षांचा एक जपानी एक्स्चेंज विद्यार्थी हॅलोविनच्या पार्टीला निघाला आणि पत्ता चुकून भलत्याच घरी गेला. घरमालकाने रिव्हॉल्व्हर रोखून थांबायला सांगितलं. मुलाला ते समजलं नसावं. गोळी लागून तो गेला. फौजदारी खटल्यात घरमालक निर्दोष सुटला. आपल्या मुलांना तिकडे पाठवताना आपण तांदूळ, मसाले, कुकर देतो. इंग्रजी पाण्यासारखं येत असलं तरी 'फ्रीझ' म्हटल्यावर जागच्या जागी उभं राहायचं, हे कुणी सांगत नाही.

आपल्याकडे?

आपण याकडे लांबून बघू शकतो, कारण आपल्याकडे बंदूक हा हक्क नाही, परवाना आहे. तरी २०१४मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचं खास महिलांसाठी म्हणून रिव्हॉल्व्हर आणलं होतं. वजन अर्धा किलो, किंमत लाखाच्या वर. लाखभर रुपये खर्च करू शकणारी मुलगी शेवटच्या बसने जाते का, हा प्रश्न तेव्हाही अनेकांनी विचारला होता.

आणि अपघात? १ ऑक्टोबर २०२४ची पहाट आठवा. अभिनेता गोविंदा यांच्या जुहूच्या घरी स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि त्यांच्याच पायात घुसली. समोर ना चोर, ना हल्लेखोर. थोडक्यात निभावलं म्हणून आपण मीम्स केली.

ताईने काय केलं?

तिच्यासाठी आधी कायद्याची भिंत होती. विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. पण त्यात एक फट आहे: शिकारीचा वैध परवाना असला तर येते. सहकाऱ्याने तेही सुचवलं होतं, "शिकारीचं लायसन्स काढ, झालं!" आयुष्यात जिने झुरळ मारलं नाही, ती शिकारीचं लायसन्स काढणार होती.

तिने काढलं नाही. का, विचारलं तर म्हणाली, "अगं, त्याच्याकडे दोन आहेत ना? तरी हॉटेलात तो भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करूनच बसतो. मला वाटलं, दोन घेऊन पण हीच भीती राहणार असेल, तर मग मी बिनबंदुकीचीच घाबरते."

माझं मत विचाराल तर मला हेच पटलं. 'लागलं तर' हा प्रश्न पेनाच्या बाबतीत दुसऱ्या पेनाशी संपतो. बंदुकीच्या बाबतीत तो संपत नाही. पहिली अडकली तर दुसरी. मग दुसरी अडकली तर? पण म्हणून ताईची भीती खोटी होती असं नाही. पार्किंगमध्ये दिवे हवेत, रात्री लॅब चालवायची तर परतायची सोय हवी. ही कामं विद्यापीठाची आहेत, तिच्या कमरेची नाहीत.

आता ती आणि लॅबमधल्या दोघी एकाच वेळी निघतात. विद्यापीठाची रात्री सोबत देणारी सेवा आहे, ती कॅम्पसच्या हद्दीपर्यंत येते. तिथून अपार्टमेंटपर्यंत दहा मिनिटं उरतात. ती दहा मिनिटं ती मला फोन करते. तिचे रात्रीचे अकरा म्हणजे आपले सकाळचे साडेनऊ. मी ऑफिसला जायच्या लोकलमध्ये असते, गर्दीत तिचं अर्धं बोलणं ऐकू येत नाही. मी ऐकत असते ती कुलपाची. आतून कडी लागल्याचा आवाज आला की म्हणते, "ठेव आता."

चौकट: तिकडे जाणार असाल तर

• टेक्सासमध्ये १ ऑगस्ट २०१६पासून सरकारी विद्यापीठांत परवानाधारकांना कॅम्पसवर झाकलेलं पिस्तूल बाळगता येतं. काही जागा विद्यापीठ वगळू शकतं. खासगी विद्यापीठं हा नियम नाकारू शकतात. आपल्या विद्यापीठाचा नियम वेबसाइटवर आधीच वाचा.

• कॅम्पसवर रात्री सोबत देणारी सेवा आहे का, तिचा फोन नंबर आणि वेळ काय, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

• पोलिसांनी गाडी थांबवली तर हात स्टिअरिंगवर, दिसतील असे ठेवा. कागद काढायला आपणहून खाली वाकू नका.

• भारतात शस्त्रपरवान्यासाठी किमान वय २१. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात, आधी ही मर्यादा तीन होती.

• मन फार खचलं असेल तर एकटे राहू नका. 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.