सुटलेला चष्मा

चाळिशीत लागलेला माझा चष्मा गेल्या उन्हाळ्यात आपोआप सुटला. सुईत दोरा ओवणं, ब्लाऊजला हूक लावणं, काजं करणं, सगळं उघड्या डोळ्यांनी. शिवणाला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "काकू, तुमची नजर तर पोरीसारखी झाली." लांबचं मात्र पुसट. स्टँडवर उभी राहिले की परभणीची गाडी कोणती अन् नांदेडची कोणती, हे शेजारच्याला विचारावं लागे. तहानही फार लागायची. पण हळद वाळत घालायच्या दिवसांत, वसमतच्या उन्हात, तहान कुणाला लागत नाही? रात्री लघवीला तीन-चारदा उठायचे, ते पाणी जास्त पिते म्हणून, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं. वजन उतरलं तर शेजारीण म्हणाली, बरंच झालं की.

मग शुगर निघाली. उपाशीपोटी 246, जेवणानंतर साडेतीनशेच्या वर, आणि मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज देणारी एचबीएवनसी 10.8. उपाशीपोटी 126 किंवा एचबीएवनसी 6.5 झाली की मधुमेह धरतात. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीमागं मूत्रपिंडाचं चित्र काढून दाखवलं. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की मूत्रपिंडाला ती सगळी परत ओढून घेता येत नाही. ती लघवीत उतरते आणि जाताना पाणी घेऊन जाते. म्हणजे आमच्या घरचा हिशेब उलटा होता. लघवी जास्त होत होती, म्हणून पाणी लागत होतं. डोळ्याचंही तसंच. साखर वाढली की डोळ्यातल्या भिंगात पाणी भरून त्याची ताकद बदलते. पुष्कळांना मग लांबचं धूसर होतं आणि माझ्यासारखीला जवळचं काही दिवस फुकटात स्वच्छ दिसतं.

आता खरी गोष्ट. गोळ्या सुरू झाल्या, तहान आणि रात्रीचं उठणं लवकर कमी झालं, अन् बाकीचं अंग तक्रार करायला लागलं. पहिल्यांदा पोट. मेटफॉर्मिननं मळमळ, पातळ जुलाब. ही गोळी जेवणासोबत घ्यायची असते, मात्रा हळूहळू वाढवतात, आणि तरीही सोसलं नाही तर सावकाश विरघळणारी गोळी मिळते. हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारायच्या आधीच बायका गोळी सोडून देतात. माझ्याकडं मापं द्यायला येणाऱ्या दोघींनी सोडली होती.

मग डोळे. साखर उतरायला लागली तशी भिंगाची ताकद उलट्या बाजूला बदलली आणि जवळचं असं धूसर झालं की जुना चष्मा लावूनही दोरा ओवला जाईना. ऐन लग्नसराई, ब्लाऊजांचा ढीग पडलेला. नवा नंबर काढायला निघाले तर डॉक्टरांनी थांबवलं. साखर एका पातळीवर टिकू द्या, सहा-आठ आठवडे जाऊ द्या, नाहीतर आत्ता केलेला चष्मा पुढच्या महिन्यात चालायचा नाही. तोवर दोरा ओवायला पुतणीला बसवलं. डोळ्याचा पडदा मात्र त्यांनी लगेच तपासायला लावला, बाहुली मोठी करणारे थेंब टाकून. मोठ्या वयातला मधुमेह कळायच्या आधी काही वर्षं अंगात असू शकतो, म्हणून ही तपासणी पहिल्याच वेळी करायची. एका डोळ्यापुढं अचानक अंधारी आली, काळे ठिपके तरंगू लागले, तर मात्र आठवड्यांची वाट बघायची नाही.

सगळ्यात घाबरवलं ते थरथरीनं. दुपारी मशीनवर बसलेली असताना हात कापले, घाम आला, पोटात खड्डा. जाऊबाई साखरेचा डबा घेऊन धावल्या. बोट टोचून बघितलं तर 138. तीनशेच्या घरात राहायची सवय लागलेल्या शरीराला 138 सुद्धा कमी वाटते. काही आठवड्यांत ती खोड जाते. खरी कमी म्हणजे 70 च्या खाली. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. नुसत्या मेटफॉर्मिननं असं क्वचित होतं, ग्लिमेपिराइड असेल तर होऊ शकतं. म्हणून आपल्या पाकिटावर कोणतं नाव आहे, ते वाचून ठेवलेलं बरं. साखर तपासायचं मशीन हाताशी नसेल अन् हात कापत असतील, तर साखर खाऊन घ्यावी, वाद नंतर घालावा.

एक तक्रार बायका बोलत नाहीत. जांघेत, लघवीच्या जागी खाज. लघवीतल्या साखरेवर बुरशी पोसते. बरोबर उपचार केला तर बरी होते, पण बाई घरच्या घरी मलम लावत महिने काढते. पडद्यामागं मापं घेताना मला हे किती जणींनी सांगितलंय! पुन्हा पुन्हा होत असेल तर आधी शुगर तपासा, एवढंच मी म्हणते. साखर लघवीवाटे बाहेर काढणाऱ्या नव्या गोळ्यांनीही हे होऊ शकतं, तेव्हा डॉक्टरांपाशी लाजून भागत नाही.

"अंगावर मूठभर मांस नाही, हिला कशी शुगर?" हे अजून ऐकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापं छापली. उंचीच्या मानानं वजन दोघांचं अगदी सारखं, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिनांची 9.1. आपण दिसतो तेवढे बारीक नसतो.

आणि हळद. आमच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळं इथं प्रत्येक जण हळदीचा वैद्य. गरम पाण्यात चमचाभर घे, गोळ्या सुटतील म्हणतात. हळदीतलं करक्युमिन मुळात शेकड्यात दोन-चार भाग, त्यातलंही पोटातून रक्तात फार थोडं उतरतं. भाजीत हवी तेवढी घालते. गोळीच्या जागी नाही.

उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास, गुंगी, हे वाढलेल्या साखरेसोबत दिसलं तर घरात चर्चा करत बसायचं नाही, थेट दवाखाना.

राहता राहिला उपवास. माझ्या दोन गोळ्यांत एक ग्लिमेपिराइड. ती घेऊन दिवसभर उपाशी राहिलं तर साखर घसरायची भीती, आणि संध्याकाळी वाटीभर साबुदाणा म्हणजे नुसता पिष्ट, साखर सरळ वर. डॉक्टर म्हणाले, उपवास करायचाच असेल तर आधी मला विचारा, त्या दिवशीची गोळी बदलावी लागेल. सासूबाईंना कसं सांगावं, याची मला गोळीपेक्षा जास्त काळजी. त्यांनी ऐकून घेतलं, थोडा वेळ वाती वळत बसल्या, मग म्हणाल्या, "तुझी संकष्टी मी धरते. तू ज्वारीची भाकर खा अन् ब्लाऊज संपव, लोकांची लग्नं लागायलीत."