घरची शाळा आणि वाफ्यातला गुरू

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवावे, असे ठरवणारी कुटुंबे आता आपल्याकडे थोडी का होईना, पण दिसू लागली आहेत. या मार्गाचे गुणदोष कोणते, हा आजचा विषय नव्हे. ज्यांनी तो पत्करला आहे, त्यांच्यापुढे येणारी एक अडचण आणि तिच्यावरचा एक साधा उपाय, एवढ्यापुरतेच येथे बोलायचे आहे.

अडचण अशी, की घरच्या शाळेत आई हीच आई आणि आई हीच बाई. मुलाने अक्षर वळणदार काढले की तिचा चेहरा खुलतो, वेडेवाकडे काढले की उतरतो. मूल मोठे चाणाक्ष असते. थोड्याच दिवसांत ते अक्षराकडे पाहायचे सोडून आईच्या चेहऱ्याकडे पाहू लागते. बरोबर काय आणि चूक काय, हे वस्तूकडून कळण्याऐवजी ते माणसाच्या मर्जीवरून कळू लागते. शिक्षणाच्या दृष्टीने हा तोटा लहान नाही. म्हणून घरी शिकणाऱ्या मुलाला आईबापांखेरीज आणखी एक गुरू हवा. तो लाडाने विरघळणारा नको आणि रागावणाराही नको. असा गुरू हातभर वाफ्यात किंवा एखाद्या कुंडीत मिळतो. रोपाला पाणी मिळाले नाही की ते माना टाकते. त्याची समजूत घालता येत नाही आणि त्याच्यापुढे रडूनही उपयोग नसतो.

ही कल्पना काही नवी नाही. जर्मनीतील फ्रेडरिक फ्रोबेल याने 1837 साली ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांची संस्था काढली आणि 1840 साली तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. तेथील बाग हे नुसते रूपक नव्हते. प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा असावा आणि शिवाय सर्वांचे मिळून सामाईक वाफे असावेत, अशी त्याची योजना होती. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे काम केले, ते तर याहून आपल्या जवळचे. महागड्या साधनांची वाट न पाहता त्यांनी बिया, पाने, शंख-शिंपले ही भोवतालची साधने हाती घेतली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. अंगण हेही शिकण्याचे ठिकाण आहे, ही गोष्ट त्यांनी करून दाखवली. घरी शिकवणाऱ्यांना याहून मोठा आधार कोणता हवा?

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. अंगण नसले तरी चालते. चार-पाच तास ऊन येणारी गॅलरी किंवा खिडकी पुरे. वीतभर खोल कुंडी किंवा जुने लाकडी खोके घ्यावे, तळाला भोके पाडून त्यांवर खापरीचे तुकडे ठेवावेत. नुसती काळी माती भरू नये. ती पाण्याने चिकट होते आणि वाळली की भेगाळते. माती, जुने कुजलेले शेणखत आणि वाळू समभाग मिसळावी. हे मिश्रण मुलानेच हाताने कालवावे. हात मळतील, ते नंतर साबणाने धुता येतात.

बी निवडताना मुलाचे वय पाहावे. तीन-चार वर्षांच्या बोटांना घेवड्याचे किंवा भोपळ्याचे मोठे बी सोपे जाते. मेथी तर सर्वांत उत्तम, कारण ती तीन-चार दिवसांत उगवते आणि तीन-चार आठवड्यांत खुडण्याजोगी होते. लहान मुलाचा धीर तेवढाच असतो. धने पेरायचे असतील तर ते आधी हलक्या हाताने रगडून दुभंगावेत. आपण ज्याला धन्याचा दाणा म्हणतो, ते खरे म्हणजे फळ असून त्यात दोन बिया असतात. मुलाला हे आधी सांगू नये. फोडून पाहू द्यावे.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला गणित वेगळे शिकवावे लागत नाही. मेथीचे वीस दाणे मोजून पेरावेत, किती उगवले ते मोजावे आणि किती राहिले ते त्याचे त्यालाच काढू द्यावे. घेवड्याचा वेल रोज सकाळी सुतळीने मापावा आणि तेवढा तुकडा कापून भिंतीवर ओळीने चिकटवावा. आठवड्याने वाढीचा आलेख आपोआप तयार होतो. भाषेचेही तसेच. कोंब, दल, डीर, ताणा, कळी, देठ हे शब्द पुस्तकातून पाठ केलेले विसरतात, बोटांनी चाचपलेले विसरत नाहीत.

एक प्रयोग अवश्य करावा. दोन वाट्यांत ओल्या कापसावर मूग पेरावेत. एक वाटी उजेडात ठेवावी, दुसरी कपाटात. कोणते रोप जास्त वाढेल, असे विचारले तर मूल बहुधा उजेडातल्याकडे बोट दाखवील. आठवड्याने पाहावे तो कपाटातले रोप अधिक उंच! मात्र ते पिवळट, बारीक आणि लुळे असते. कारण असे, की बियात साठवलेल्या शिदोरीवर रोप काही दिवस जगते आणि अंधारात ती सारी शिदोरी ते उजेड शोधण्यासाठी उंच होण्यातच खर्च करते. उजेडातले रोप बुटके असते, पण हिरव्या पानांत स्वतःचे अन्न स्वतः तयार करू लागलेले असते. उंची म्हणजे बळ नव्हे, हे मुलाला येथे डोळ्यांनी दिसते.

कढीपत्त्याची किंवा लिंबाची कुंडी असेल तर पाहुणेही येतात. लिंबावरचे फुलपाखरू कोवळ्या पानांवर अंडी घालते. त्यांतून निघालेली अळी प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. शत्रूला फसवण्याची ती युक्ती होय. पुढे ती हिरवी होते, मग कोश करते. अळी पाने खाते म्हणून लगेच चिरडू नये. चार पाने गेली तर जाऊ द्यावीत. बागेत आपल्याखेरीज इतरांचाही वाटा असतो, हा धडा त्या पानांच्या मोलाहून मोठा आहे.

आता सर्वांत कठीण भाग. तो मुलांसाठी नसून पालकांसाठी आहे. मूल दोन दिवस पाणी घालायला विसरते. आईला राहवत नाही; ते झोपल्यावर ती गुपचूप पाणी घालते. किंवा रोप मरते आणि बाबा रात्रीतून त्याच जागी तसेच दुसरे आणून लावतात. हेतू प्रेमाचा असतो, पण त्यामुळे वाफ्यातला गुरू खोटा ठरतो. निष्काळजीपणाने काहीच बिघडत नाही, हीच शिकवण मुलाला मिळते. पाणी घातलेस का, अशी एकदा आठवण द्यावी. त्यापुढे हात मागे ठेवावा. रोप मेलेच तर ‘तुझ्यामुळे मेले’ असे म्हणू नये. ते उपटून त्याची मुळे मुलाबरोबर पाहावीत. मुळे कुजलेली असली तर पाणी जास्त झाले. मुळांनाही हवा लागते आणि तुंबलेल्या पाण्यात ती गुदमरतात. लहान मुलांच्या हातून रोपे अशी अतिमायेनेही मरतात. ती वाळलेली असली तर कारण उघडच आहे. मग नवे बी मुलानेच पेरावे. दोष शोधायचा तो रोपाच्या मुळाशी, मुलाच्या स्वभावात नव्हे.

हात मागे ठेवायचा, पण डोळा नव्हे. कण्हेर, धोतरा, एरंडाच्या बिया आणि गुंजा विषारी असतात. ती झाडे लहानांच्या बागेत नकोत. विचारल्यावाचून कोणतेही पान वा बी तोंडात घालायचे नाही, हा नियम पहिल्या दिवशीच घालून द्यावा. कीटकनाशकाची बाटली मुलांच्या हाताशी ठेवू नये.

व्याख्यानांचे हे दिवस वसंताचे आहेत. मृग लागायला अजून अवकाश आहे. तेवढ्यात खोके शोधावे, माती आणून उन्हात वाळवावी, भोपळ्याच्या आणि घेवड्याच्या बिया जमवून डबीत ठेवाव्यात. पाऊस आला, की डबी मुलाच्या हाती द्यावी आणि आपण दोन पावले मागे सरून उभे राहावे.